घरच्या सिस्टिमला टर्नटेबल जोडायचं का? बिल फाडण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण जोडविक्री शिकलो. म्हणजे ग्राहकाकडे आधीच असलेल्या वस्तूला जोडून दुसरी वस्तू विकायची. त्यात मी टर्नटेबलचं उदाहरण दिलं, पण ते घाईत उरकलं. इथे सविस्तर सांगतो, कारण त्यात माझीच चूक आहे.

माझं दुकान ऑडिओचं. चार वर्षांपूर्वी एक निवृत्त सर आले. घरी स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि दोन चांगले स्पीकर. म्हणाले, "वडिलांच्या रेकॉर्डी आहेत, त्या ऐकायच्यात. टर्नटेबल द्या." मी खूश! दहा मिनिटांत बिल तयार.

दुसऱ्या दिवशी फोन. "अहो, आवाज अगदी पुटपुटल्यासारखा येतोय." घरी गेलो. ॲम्प्लिफायरला फोनो इनपुटच नव्हतं. मग रेकॉर्डींची पेटी उघडली, तर सगळ्या ७८ आरपीएमच्या. मी विकलेलं मशीन फक्त ३३ आणि ४५ चं. सरांनी पेटीचं झाकण हळूच लावलं. "राहू दे, तुमचा तरी काय दोष," म्हणाले. मशीन परत घेतलं, पूर्ण पैसे दिले. पण पुढचे आठ महिने सर दुकानाची पायरी चढले नाहीत. खरा तोटा तो होता.

त्यानंतर मी पाच प्रश्नांचा कागद काउंटरवर चिकटवला.

१. रेकॉर्डी कोणत्या आहेत?
हा प्रश्न सगळ्यात आधी. ७८ च्या तबकड्या बहुतेक लाखेच्या, जड आणि पडल्या की फुटणाऱ्या. एका बाजूला साधारण तीन मिनिटं. विनाइलची एलपी १९४८ मध्ये आली. ती ३३⅓ च्या वेगाने फिरते आणि बाजूला वीसेक मिनिटं वाजते. ७८ ची खाच रुंद असते. तिला साधारण ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते, तर एलपीची सुई साधारण १८ मायक्रॉनची. एलपीची सुई ७८ वर लावली तर ती खाचेच्या तळाशी घासते, खरखर वाढते आणि सुई खराब होते. म्हणजे वेगही हवा आणि वेगळी सुईही. आपल्याकडे आजोबांच्या पेटीत नाट्यसंगीत निघालं, तर ते ७८ असण्याची शक्यता मोठी. त्यामुळे रेकॉर्डचा फोटो मागवाच.

२. ॲम्प्लिफायर टर्नटेबलला चालतो का?
नेहमीच्या कार्ट्रिजमधून जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट सिग्नल निघतो. सीडी प्लेअर सुमारे २ व्होल्ट देतो. शिवाय एलपी बनवताना खर्ज कमी आणि वरचे सूर जास्त करून कोरतात. ऐकताना ते उलटं करावं लागतं. ही दोन्ही कामं फोनो प्रीॲम्प करतो. तो तीन ठिकाणी मिळू शकतो: ॲम्प्लिफायरमध्ये, टर्नटेबलमध्ये किंवा वेगळ्या डब्यात. त्यातला एकच वापरायचा. दोन एकदम लावले की आवाज फाटतो. आणि टर्नटेबलला अर्थची वायर दिली असेल तर ती जोडा, नाहीतर घुंईऽऽ चालू!

३. ठेवणार कुठे?
जागा सपाट आणि न हलणारी हवी. स्पीकरच्याच फळीवर ठेवलं तर स्पीकरचे हादरे सुईपर्यंत जातात आणि आवाज घुमतो. रेकॉर्डी उभ्या ठेवायच्या. पावसाळ्यात कव्हरला बुरशी धरते, तेही आधीच सांगा.

४. पुढचा खर्च किती?
सुई झिजते. साधारण ५०० ते १००० तास धरा. आठवड्याला ५ तास ऐकलं तर वर्षाला २६० तास. म्हणजे दोन ते चार वर्षांत नवी सुई. ती सहज मिळते का, हे विकण्याआधी तुम्ही तपासायचं. ते ग्राहकाचं काम नाही.

५. खरंच किती वाजणार?
समजा, प्रीॲम्पसकट खर्च २५,००० रुपये. आठवड्याला एक तास वाजलं तर पाच वर्षांत २६० तास, म्हणजे तासाला सुमारे ९६ रुपये. आठवड्याला पाच तास वाजलं तर तोच आकडा १९ वर येतो. हा हिशोब ग्राहकासमोर कागदावर मांडा. तबकडी हातात धरण्याचा, सुई टेकवण्याचा आनंद ज्याला हवाय, तो ९६ रुपयेही आनंदाने देईल. ज्याला फक्त गाणी हवीत, त्याला फोन पुरतो.

आता सरांचं काय झालं? आठ महिन्यांनी मीच त्यांच्या घरी गेलो. सोबत दुरुस्त केलेलं जुनं ७८ चं मशीन आणि योग्य सुई. विकायला नाही, ऐकवायला. पहिली तबकडी लागली आणि आतल्या खोलीतून त्यांच्या वहिनी बाहेर येऊन बसल्या. मग कागद काढला, पाच प्रश्न विचारले. सरांना रोज ऐकायचं नव्हतं. वडिलांचा ठेवा नातवंडांपर्यंत जावा, एवढंच हवं होतं. मी त्यांना मशीन विकलं नाही. तबकड्या धुऊन, वाजवून पेन ड्राइव्हवर उतरवून दिल्या. बिल छोटंसंच झालं. पण सर पुन्हा दुकानात यायला लागले, आणि त्यांच्या ओळखीने आलेल्या दोघांनी टर्नटेबल घेतलं. दोघांनाही आधी रेकॉर्डींचा फोटो मागितला होता.

गृहपाठ: तुम्ही शिलाई मशीन विका, मिक्सर विका नाहीतर केटरिंग करा. तुमच्या सगळ्यात महागड्या वस्तूसाठी असेच पाच प्रश्न लिहा: ग्राहकाकडे आधी काय आहे, नवी वस्तू त्याला जुळते का, जागा आहे का, पुढचा खर्च किती आणि वापर किती. एका तरी उत्तरावर "घेऊ नका" असं म्हणायची तयारी ठेवा. तसं एकही उत्तर यादीत नसेल, तर यादी पुन्हा लिहा.

भेटूया पुढच्या धड्यात!