हिवाळ्यातील एक सोमवार

कॅनडा देशातील ॲल्बर्टा प्रांताची राजधानी एडमंटन ही उत्तर अक्षांश ५३ च्याही पलीकडे वसलेली आहे. डिसेंबरच्या अखेरीस तेथील दिवस जेमतेम साडेसात तासांचा असतो. सकाळी पावणेनऊच्या पुढे सूर्य क्षितिजावर डोकावतो आणि दुपारी सव्वाचारच्या सुमारास मावळूनही जातो. मुले अंधारात शाळेची वाट धरतात. आईबाप बहुधा त्याआधीच कामावर गेलेले असतात. कधी कधी पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो. अशा वेळी शेजाऱ्याच्या घरी सहज डोकावणेही दुरापास्त होते. घरे उबदार असतात, यात शंका नाही. परंतु त्या उबेत सारी माणसे एकत्र बसलेली क्वचितच दिसतात. एक येतो तेव्हा दुसरा निघालेला असतो, आणि तिसरा थकून झोपी गेलेला असतो.

नववर्षाचा पहिला दिवस सरला की पुढे गुड फ्रायडे येईपर्यंत, म्हणजे अडीच-तीन महिने, तेथे एकही सार्वजनिक सुट्टी नसे. वर्षातील सर्वांत कठीण काळ नेमका हाच. १९९० साली ॲल्बर्टाचे तत्कालीन प्रांतप्रमुख डॉन गेटी यांच्या सरकारने फेब्रुवारीतील तिसरा सोमवार ‘कुटुंब-दिन’ म्हणून सुट्टीचा ठरविला. उद्योगधंद्यांच्या चालकांना हा निर्णय रुचला नाही. काम बंद आणि वेतन चालू, हा हिशेब त्यांना जड वाटला. तडजोड म्हणून ऑगस्टमधील वारसा-दिनाची सुट्टी सक्तीची न ठेवता मालकांच्या इच्छेवर सोपविण्यात आली. म्हणजे उन्हाळ्यातील एक दिवस देऊन हिवाळ्यातील एक दिवस घेतला, असेच म्हणावयाचे. हा सौदा तोट्याचा मात्र नव्हता. उन्हाळ्याची सुट्टी माणसांना चार दिशांना पांगविते; हिवाळ्याची सुट्टी त्यांना एका चुलीभोवती बसविते.

ही कल्पना इतरत्र पसरावयास बराच काळ लागला. २००७ साली सस्कॅचेवानने आणि २००८ साली ऑन्टारिओने ती स्वीकारली. ब्रिटिश कोलंबिया प्रांताची हकीकत विशेष बोधप्रद आहे. तेथे २०१३ साली कुटुंब-दिन सुरू झाला. परंतु तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या सोमवारी ठेवण्यात आला. त्यामागे व्यवहाराचा विचार होता. तिसऱ्या सोमवारी शेजारच्या ॲल्बर्टातील आणि अमेरिकेतील लोकही सुट्टीवर असत. ते बर्फावरील खेळांसाठी डोंगरांकडे धावले, तर तेथे गर्दी होईल. त्यापेक्षा आपल्या लोकांना एक आठवडा आधी सुट्टी द्यावी, असा हा हिशेब होता. वरवर पाहता तो चतुरपणाचाच वाटतो. परंतु ज्या घरातील मुलगी कॅल्गरीत आणि आईबाप व्हँकूव्हरमध्ये, त्या घरात एकाची सुट्टी सरल्यावर दुसऱ्याची येई. दोघांच्याही पदरी सुट्टी पडे, पण भेट काही घडत नसे. अखेर २०१९ पासून त्या प्रांतानेही तिसरा सोमवारच मान्य केला.

विश्रांती प्रत्येकास स्वतंत्रपणे मिळू शकते. रजा घेतली की झाले. परंतु कुटुंबाची विश्रांती अशी सुटी सुटी मिळत नाही. बापाची रजा मंगळवारी, आईची गुरुवारी आणि मुलांची शाळा मात्र रोजचीच असेल, तर त्या सर्वांच्या रजांची बेरीज करूनही एक निवांत संध्याकाळ हाती लागत नाही. दिवस सर्वांचा एकच असावा लागतो, आणि तो तसा ठरविण्याचे सामर्थ्य कायद्यालाच असते.

हे मर्म मुंबईच्या गिरण्यांतही एकाने फार पूर्वी ओळखले होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरवून जे निवेदन तयार केले, त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. त्यातील एक प्रमुख मागणी अशी होती की, प्रत्येक कामगारास दर रविवारी पूर्ण दिवस सुट्टी मिळावी. कोणत्याही एका दिवशी नव्हे, तर रविवारीच. ती मान्य होण्यास १८९० साल उजाडावे लागले.

कॅनडातील कायद्यालाही उणिवा आहेत. क्वेबेक प्रांतात ही सुट्टी नाही. जेथे ती आहे, तेथेही रुग्णालयातील परिचारिका, बसचालक आणि रस्त्यावरील बर्फ हटविणारे कामगार यांना त्या दिवशी कामावर जावेच लागते. ऑन्टारिओत अशा कामाबद्दल बहुतेकांना दीडपट वेतन मिळते किंवा बदली सुट्टी दिली जाते. बदली सुट्टीने घरची मंडळी पुन्हा एकत्र येत नाहीत, हा भाग निराळा. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, ही सुट्टी प्रांतांनी दिलेली असल्यामुळे केंद्र सरकारच्या नोकरांना ती लागू होत नाही. टपालखात्याचे कामकाज त्या सोमवारीही चालू असते.

ज्या घरातील बाप टपालवाटप करतो, तेथे त्या सकाळी मुले उशिरापर्यंत अंथरुणात लोळत असतात, आई सावकाश न्याहारी करीत असते, आणि बाप जाड बूट चढवून नेहमीच्या वेळी दाराबाहेर पडतो. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एडमंटनचा सूर्य सायंकाळी पावणेसहापर्यंत टिकतो. तोवर तो परतला, तर अंगणातल्या बर्फात मुलांबरोबर खेळावयास थोडा उजेड उरलेला असतो.