म्हैसमाळ शेवटी ठेव

अगं, तू आखलेला मार्ग नीट बघितला मी. पहाटे शहरातून निघायचं, दौलताबादचा घाट चढायचा, खुलताबादहून आधी म्हैसमाळ, मग खाली वेरूळला उतरून जेवण आणि दिवेलागणीला घरी. अंतरही बरोबर धरलंयस, सगळं मिळून 80 ते 85 किलोमीटर होईल. पण तू नुसते किलोमीटर मोजायलीस. सपाट रस्त्यावर 80 किलोमीटर तू सहज करतेस, मला माहीत आहे. या वाटेवर मात्र दिवस चढांवर आखावा लागतो, त्यातही शेवटचा चढ किती वाजता येतो त्यावर.

जमिनीचा आकार डोळ्यासमोर आण. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण 570 मीटरवर आहे. खुलताबाद डोंगराच्या माथ्यावर, आपल्यापेक्षा बरंच उंच. त्या माथ्याच्या एका अंगाला खाली दौलताबाद, दुसऱ्या अंगाला खाली वेरूळ, आणि म्हैसमाळ खुलताबादहूनही वर. म्हणजे तिन्ही ठिकाणं करायची तर तीन चढ चुकत नाहीत. क्रम तेवढा आपल्या हातात असतो. तुझ्या क्रमाने गेलीस तर भरल्या पोटी, दुपारी दोन-अडीचला, वेरूळचा घाट चढायचा येईल. पाय म्हैसमाळलाच निम्मे संपलेले असतील, ऊन पाठीवर आणि वर पर्यटकांच्या गाड्यांची रांग. घाट टाळून मोठ्या रस्त्याने परत यायचं म्हटलं तर ट्रकांच्या शेजारून चालवावं लागतं. ते मला तुझ्यासाठी नको आहे.

म्हणून वेरूळ आधी कर. खुलताबादला पोचलीस की न थांबता खाली उतर, लेणी बघ, उन्हं तापायच्या आत तोच घाट चढून वर ये आणि मग म्हैसमाळला जा. तिथे जेव, झाडाखाली आडवी हो. दुपार कलली की निघ. म्हैसमाळपासून घरापर्यंतची वाट मग जवळजवळ सगळी उताराचीच. तीनही चढ दुपारच्या जेवणाआधी संपतात.

आता वेळा. थंडीत आपल्याकडे पावणेसात-सातला उजाडतं, त्यामुळे साडेपाचला निघायचा हट्ट धरू नकोस. सहाला निघ, पुढचा-मागचा दिवा लावून. छावणी, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर हा भाग अंधारातच मागे पडू दे. तिथे बघण्यासारखं फार नाही आणि उजाडलं की गाड्या वाढतात. दौलताबादला पोचशील तेव्हा देवगिरी नुकता उजळत असतो. पंधरा किलोमीटर झालेले असतात, अंग तापलेलं असतं. किल्ल्यात मात्र जायचं नाही हं. त्या पायऱ्या, ती अंधारी, वरची बारादरी हे सगळं वेगळ्या दिवसाचं काम आहे. पायऱ्या चढून-उतरून मांड्या भरल्या की पुढचा घाट अंगावर येतो.

गाव सोडताना रस्ता जुन्या कमानीतून जातो. तिथे एका वेळी एकच मोठी गाडी निघते, म्हणून दोन्ही बाजूंना खोळंबा होतो. फटीतून घुसू नकोस. पाय टेकून उभी राहा, समोरची गाडी निघून गेली की मग जा. कमानीच्या आधीच हलका गिअर टाकून ठेव, कारण चढ लगेच लागतो. चढावर जोर देत असताना गिअर बदलला की चेन कडकडते आणि कधी उतरतेसुद्धा. तुझ्या सायकलला मागची सर्वांत मोठी चकती 28 दातांची असेल, तर 32 किंवा 34 ची बसते का ते दुकानात विचारून घे. डिरेलर किती पेलतो ते तिथला मेकॅनिक बघून सांगेल. ही एक गोष्ट केलीस तर तिन्ही चढ बरेच सोपे होतील, बाकी कशावर पैसे घालू नकोस.

घाट चढताना सीटवर बसून चढ. उभं राहून पॅडल मारणं दिसायला छान दिसतं, पण दम लवकर जातो. दम मोजायची माझी पद्धत सोपी आहे. तोंडाने एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर वेग कमी कर. नजर पुढच्या दहा-बारा हातांवर ठेव, वळणाच्या टोकावर नको. आणि उतरून ढकलत चालावंसं वाटलं तर खुशाल चाल, कुणी काही म्हणत नाही.

वर जाताना एका वळणावर मात्र नक्की थांब आणि मागे बघ. सगळी शेतं सपाट पसरलेली, मधोमध देवगिरीचा सुळका आणि त्याच्या पायथ्याशी चांदमिनार. तो डोंगर खालून एवढा उभा का दिसतो, ते इथून कळतं. त्याचा पायथ्याचा कडा माणसांनी तासून सरळ केलाय, चढायला कुठे बोट रोवायलाही जागा राहू नये म्हणून. महंमद तुघलकाने 1327 मध्ये दिल्लीची राजधानी इथे हलवली, तेव्हा माणसं दिल्लीहून कित्येक आठवडे चालत या डोंगरापाशी पोचली. त्या मानाने आपला घाट केवढा! सीताफळाच्या दिवसांत इथे कडेला पाट्या घेऊन बायका बसतात. दोन फळं घे, पण परतीच्या वेळी. वर नेऊन त्यांचा लगदा होतो.

घाट संपला की कागजीपुरा लागतं, जिथे हातकागद बनवायची परंपरा जुनी आहे. मग खुलताबाद. इथे औरंगजेबाची उघड्या आभाळाखालची कबर आहे, मलिक अंबरचा मकबरा आहे, निजलेल्या मूर्तीचा भद्रा मारुती आहे. त्यातलं काही सकाळी बघू नकोस. उतर सरळ वेरूळला.

या उताराला सगळ्यांत जास्त सांभाळ. ब्रेक सतत दाबून धरायचे नाहीत, रिम तापते आणि पकड सैल होते. दोन्ही ब्रेक थोडे दाब, सोड, पुन्हा दाब. वळणाच्या आत शिरण्यापूर्वी वेग उतरलेला असला पाहिजे, वळणात शिरल्यावर नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी ब्रेकच्या रबरावर बोट फिरवून बघ. त्यातल्या खाचा बुजल्या असतील तर रबर बदल.

वेरूळला तासभर दे. सगळी 34 लेणी एका तासात होत नाहीत, म्हणून फक्त कैलास. आणि एकच गोष्ट निवांत बघ: राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळातल्या कारागिरांनी हे देऊळ वरून खाली कोरत आणलंय, म्हणजे कळस आधी झाला आणि पाया शेवटी. ज्या काळ्या कातळात ते कोरलं, त्याच डोंगराच्या कड्यावरून तुझा पुढचा घाट चढतो. खाण्याची पिशवी हँडलला लटकवून आत जाऊ नकोस, माकडं ओढून नेतात. पोटभर नाष्टाही इथे नको. एक केळं आणि मूठभर गूळ-शेंगदाणे खा आणि नऊ-सव्वानऊला चढायला लाग.

खुलताबादला परत आलीस की दोन्ही बाटल्या काठोकाठ भरून घे. पुढे म्हैसमाळपर्यंतच्या साधारण 12 किलोमीटरमध्ये दुकानं तुरळक आहेत. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत लिंबू, साखर आणि मीठ. हा चढ घाटासारखा अंगावर येत नाही, लांबट आहे, मध्ये सपाटीही मिळते. वाटेत सुलीभंजनकडे फाटा फुटतो. संत एकनाथांनी तिथे तप केलं आणि त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते. पाय चांगले असतील तर जा, नाहीतर सोडून दे. म्हैसमाळला गिरिजामातेचं दर्शन घे, दशम्या आणि शेंगाची चटणी सोड आणि तीनपर्यंत हलू नकोस.

आता ज्या गोष्टी कुणी मार्गाच्या नकाशात लिहीत नाही, त्या. लघवी लागेल म्हणून पाणी कमी पिऊ नकोस. आपण बायका हे इतकं सवयीने करतो की लक्षातही येत नाही. मग दुपारी डोकं दुखतं, पोटरीत गोळा येतो, दोन दिवसांनी जळजळ सुरू होते. त्यापेक्षा जागा आधी ठरव. पडेगावच्या बाजूला पेट्रोल पंप आहेत, लेण्यांच्या तिकीटघराजवळ सोय आहे. गादीच्या शॉर्टच्या आत चड्डी घालायची नाही, शिवणीच साल काढते. मांडीच्या सांध्याला साधी व्हॅसलीन लाव. पाळी तोंडावर असेल तर दिवस पुढे ढकल, हट्टाने जाऊ नकोस. आणि चालवतानाच आली तर पिशवीत दोन पॅड आणि काळी शॉर्ट हवीच.

मोटारसायकलवाले कधी शेजारी येऊन बोलत चालतात. उत्तर देऊ नकोस, पुढे पळायचा प्रयत्नही करू नकोस. जिथे चार माणसं बसली आहेत अशा टपरीवर थांब, चहा सांग, मावशीशी बोल. 112 फोनमध्ये पहिल्याच पानावर ठेव. थेट ठिकाण मला आणि आईला, बाकी कुणाला नाही. स्ट्राव्हावर टाकणार असशील तर घराजवळचा तुकडा लपवता येतो, तो आधी लपव.

राहिला दिवस. मंगळवारी लेणी बंद. श्रावणात शनिवारी भद्रा मारुतीला रात्रभर चालत येणाऱ्यांनी घाट भरलेला असतो आणि सोमवारी वेरूळच्या घृष्णेश्वराला गर्दी. रविवारी म्हैसमाळला नुसत्या गाड्याच. हिरवा डोंगर बघायचा तर पाऊस ओसरता ओसरता जा. तेव्हा वारा पश्चिमेचा, जाताना तोंडावर आणि परतताना पाठीवर. स्वच्छ हवा आणि कोरडा रस्ता हवा तर डिसेंबर. पहिल्या वेळेला मी डिसेंबरच सांगेन, ओल्या वळणांची सवय झाली की पुढच्या वर्षी पावसाचं बघू. बुधवार किंवा गुरुवार धर आणि एक रजा टाक. आदल्या संध्याकाळी सायकल घेऊन माझ्याकडे ये, ब्रेक आणि चेन दोघी मिळून बघू. दशम्या मीच करून देते.