किल्ली कुणाच्या हाती देऊ नका

बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात माग थांबले की गल्लीला लगेच कळतं. त्या आठवड्यात माग चालू होते, अडकली होती ती मजुरी. आणि ती माझ्यामुळे अडकली होती.

पाच यंत्रमाग मालकांचा हिशेब मी ठेवतो. सूत किती आलं, ताके किती उतरले, कुणी किती उचल घेतली, हे सगळं भाड्याच्या एका लिनक्स सर्व्हरवर असे. पासवर्ड होता तापीचं नाव आणि पुढे 123. पाचही मालकांना आणि त्यांच्या मुनीमांना तो पाठ होता, ते मला सोयीचं वाटे.

एका सकाळी एकही फाइल उघडेना. खंडणी मागणारी चिठ्ठी तेवढी वाचता येत होती. बॅकअप त्याच सर्व्हरवर होता, तोही गेला. लॉग पाहिला तर कित्येक दिवस दर काही सेकंदांनी कुणी ना कुणी पासवर्ड घालून बघत होतं. आमच्यावर कुणाचा डोळा होता असं नाही. इंटरनेटवरचा प्रत्येक पत्ता ठोठावत फिरणारे प्रोग्राम असतात, त्यांना सोपे पासवर्ड आधीच ठाऊक असतात.

पैसे दिले नाहीत, 1930 वर तक्रार नोंदवली. तीन आठवडे कागदी चिठ्ठ्यांवरून हिशेब उभा केला. त्या गडबडीत एका विणकराची उचल दोनदा कापली गेली. तो घरची वही घेऊन आला, तेव्हा मला मान वर करता आली नाही.

आता सर्व्हरवर पासवर्ड चालतच नाही. सर्व्हरमध्ये दुरून शिरायला वापरतात तो एसएसएच हा प्रोग्राम टाटू इलोनेन यांनी 1995 मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात असताना लिहिला, तोही विद्यापीठाच्या नेटवर्कवरून पासवर्ड चोरीला गेल्यावर. त्यात किल्ल्यांची जोडी करता येते. पब्लिक की सर्व्हरवर ठेवायची, प्रायव्हेट की आपल्या संगणकावर. आत जाताना आपला संगणक प्रायव्हेट कीने सही करतो आणि सर्व्हर ती सही पडताळतो. किल्ली स्वतः तारेवरून जात नाही, आणि अंदाजाने ती सापडणं अशक्यच. जोडी बनवणाऱ्या एसएसएच-कीजेनला किल्लीचा प्रकार ईडी25519 सांगा आणि किल्लीसाठी पासफ्रेज विचारली की रिकामी सोडू नका. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द पुरतात.

इथून वीसेक किलोमीटरवर असीरगड आहे. अकबराच्या फौजेला तो वेढा घालून घेता आला नाही. 1601 मध्ये गड हाती आला तो सोन्याच्या किल्ल्यांनी, म्हणजे आतल्या माणसांना लाच देऊन, असं सांगतात. म्हणून प्रायव्हेट की व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, मुनीमाच्या पेनड्राइव्हवर देऊ नका. प्रत्येकाने आपापली जोडी करावी. कुणी काम सोडलं तर त्याची पब्लिक की तेवढी काढून टाकता येते.

पासवर्ड बंद करताना घाई नको. सर्व्हरशी जोडलेली खिडकी उघडीच ठेवा, दुसऱ्या खिडकीतून किल्लीने आत जाऊन पाहा, मगच सेटिंगमध्ये पासवर्ड ऑथेंटिकेशनपुढे 'नो' लिहा. कीबोर्ड-इंटरॅक्टिव्हही बंद करा, नाहीतर पासवर्ड मागच्या दाराने चालू राहतो. सेटिंगच्या फायली एकाहून जास्त असतात आणि आधी वाचलेली ओळच लागू होते. मी मुख्य फाइल बदलून निश्चिंत झालो होतो, पासवर्ड मात्र दुसऱ्या फाइलीमुळे चालूच होता. सर्व्हिस पुन्हा सुरू करून किल्लीशिवाय आत जायचा प्रयत्न करा. पासवर्ड विचारला तर काम झालेलं नाही.

बँक, मेल अशा ठिकाणी पासवर्ड लागणारच. तिथे प्रत्येकाचा वेगळा आणि लांब ठेवा, पासवर्ड मॅनेजर वापरा. दर महिन्याला बदलायची सक्ती करू नका, त्याने माणसं 123 चं 124 करतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेनेही 2017 मध्ये ती सक्ती नको असंच सांगितलं.

दुसऱ्यांच्या मजुरीचा हिशेब तुमच्याकडे असेल तर आज रात्रीच तासभर काढा. त्याआधी बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा.