मशीन स्लोला थरथरते? आधी पेट्रोल पाहा, स्क्रू नंतर

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून वर श्रीवर्धन-मुरुडपर्यंत आपले कितीतरी बांधव लहान होडीवर पोट भरतात, आणि त्यांची मशीन दुरुस्त करणारे कारागीरही पुष्कळदा त्याच मोहल्ल्यातले असतात. इंजेक्शनची नवी इंजिने आली खरी, पण कार्बोरेटरवर चालणारी जुनी टू-स्ट्रोक आऊटबोर्ड मशीन अजून काम देत आहेत. या मशीनची एक तक्रार ठरलेली. "रेस दिली की पळते, स्लोला ठेवली की थरथरते आणि गिअर टाकताच बंद पडते."

ही तक्रार किरकोळ समजू नये. खाडीच्या तोंडाशी लाट फुटत असते, नाखवा वेग कमी करतो, आणि नेमके त्याच वेळी मशीन बंद पडले तर होडी लाटेला आडवी होते. पुढे काय होते ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको.

मागे ऑगस्टमध्ये माझ्याकडे एक दोन सिलिंडरचे मशीन आले. मालक म्हणाले, "मिस्त्री, कार्बोरेटर गेलाय, नवीन टाकून दे." त्यापूर्वी दुसऱ्या एका कारागिराने दोन्ही कार्बोरेटरचे स्क्रू फिरवून पाहिले होते. मूळ सेटिंग किती होते हे आता कोणालाच ठाऊक नव्हते. मी म्हटले, "चाचा, कार्बोरेटर नंतर पाहू. आधी एक काचेची बरणी द्या."

मशीन थंड झाल्यावर कार्बोरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सोडून आतले पेट्रोल बरणीत घ्यावे आणि दहा मिनिटे हलवू नये. (जवळ विडी-काडी नको, हे प्रत्येक वेळी सांगावे लागते.) साध्या पेट्रोलात पाणी असेल तर तळाशी त्याचे गोळे दिसतात. इथेनॉलच्या पेट्रोलात मात्र तळाला गढूळ थर बसतो. 2023 पासून 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि दोन वर्षांत ते देशभर पोहोचले. इथेनॉल पाणी ओढून घेते. थोडे पाणी असेपर्यंत ते पेट्रोलात मिसळून राहते, पण प्रमाण वाढले की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाला बसतात. पेट्रोल ओढणारी नळीही तळालाच असते. टू-स्ट्रोकला यात आणखी एक धोका आहे. पेट्रोलात मिसळलेले ऑईल या खालच्या थरात नीट उतरत नाही. म्हणजे इंजिनात ऑईलशिवायचे पाणचट इंधन जाते आणि पिस्टन धरतो. म्हणून असा थर दिसला तर ते पेट्रोल गाळून वापरू नये. टाकी रिकामी करून पुसून कोरडी करावी.

चाचांच्या बरणीत असाच थर निघाला. 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीत टाकी अर्धी भरून घराच्या पडवीत राहिली होती.

तरीही वाटी उघडणे टळले नाही, कारण पाण्याने आपले काम केले होते. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी चढली होती आणि पायलट जेट बुजला होता. रेसवर चालणारे मशीन स्लोला का अडखळते, याचे उत्तर इथे आहे. वेगात पेट्रोल मोठ्या मेन जेटमधून येते. मंद गतीला ते केसासारख्या बारीक पायलट जेटमधून आणि त्यापुढच्या बारीक छिद्रांतून येते. चिमूटभर कचरा मेन जेटला जाणवतही नाही, पायलट जेट मात्र बंद होतो. तो साफ करताना लोखंडी तार कधीही घालू नये. जेट पितळेचा असतो, छिद्र मोठे झाले की तो कायमचा बिघडला. कार्बोरेटर क्लीनर, हवेचा दाब, आणि फारच अडले तर बारीक तंगूस वापरावा. फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत पेट्रोल खळखळले तर त्याला भोक पडले आहे. नीडलच्या टोकावर झिजल्याची कडी दिसली तर नीडल बदलावी.

पेट्रोल चांगले, जेट साफ, तरी थरथर असेल तर रबरी हातपंपाचा फुगा दाबून पाहावा. दाबल्यावर मशीन सुधारले तर इंधन कमी पोहोचते आहे. मग पंपाचा पडदा, नळीचे जोड आणि टाकीवरचा हवेचा स्क्रू पाहावा. तो स्क्रू बंद राहिल्यामुळे 'पंप गेला' म्हणून आलेली मशीन मी पाहिली आहेत. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने मऊ पडून आतून सुटतात, त्यामुळे बाहेरून चांगली दिसणारी नळीही वाकवून पाहावी.

प्लगकडे दोन्ही सिलिंडरची तुलना करूनच पाहावे. एक तपकिरी आणि दुसरा ओला काळा असेल तर दोष ओल्या बाजूला आहे, स्पार्क तरी नाही किंवा पेट्रोल जास्त आहे. प्लगची कॅप चालू मशीनवर ओढून काढू नये. इंजिन बंद करून कॅप जादा प्लगला लावावी, तो बॉडीला घट्ट अर्थ करावा आणि मग चालू करावे. ज्या सिलिंडरची कॅप काढूनही आवाजात फरक पडत नाही, तोच मेलेला. त्याचे कॉम्प्रेशन मोजावे. दोन्हींत मोठा फरक असेल तर कार्बोरेटरवर पैसे घालण्यात अर्थ नाही, हे गिऱ्हाइकाला तिथेच सांगावे. काम हातचे जाईल, पण दोन आठवड्यांनी तो पैसे परत मागायला येणार नाही.

एवढे झाल्यावर स्क्रूची पाळी येते. हात लावण्यापूर्वी तो हलक्या हाताने आत बसेपर्यंत फेरे मोजावेत आणि वहीत लिहावेत. जोराने आवळला तर टोक आणि बैठक दोन्ही खराब होतात. कारखान्याच्या पुस्तकात दिलेल्या फेऱ्यांपासून सुरुवात करावी. आत फिरवल्याने काही कार्बोरेटरांत पेट्रोल कमी होते, तर काहींत हवा कमी होते, त्यामुळे शेजारच्या मशीनचा अनुभव इथे लागू करू नये. शेवटचे सेटिंग होडी पाण्यात जेटीला बांधून, मशीन गरम झाल्यावर, गिअरमध्ये टाकून करावे. ड्रमच्या पाण्यात न्यूट्रलला गोड चालणारे मशीन पंख्यावर भार आला की बसते. आणि पाण्याशिवाय तर एक मिनिटही चालवू नये, पाण्याच्या पंपाचे रबर जळते.

चाचांचे मशीन जेट साफ करून, गॅस्केट आणि एक नळी बदलून सुरू झाले. जुने सुटे भाग मी पुडीत बांधून त्यांच्या हाती दिले. पुढच्या बंदीपूर्वी काय करायचे तेही सांगितले. टाकी रिकामी करायची, मशीन पाण्यात ठेवून पेट्रोलची नळी काढायची, आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचे, आणि वाटीचा ड्रेन स्क्रू सोडून उरलेले थेंबही काढायचे.