रोज आकडे बघत बसू नकोस गं

लेकराच्या एटीजीचे चार दिवस पार पडले ना? आता तू रोज सीबीसीच्या रिपोर्टला डोळे लावून बसशील, ओळखते मी तुला. खरं सांगू का, लगेच त्यावरून काही ठरवायचं नसतं. बघ, अप्लास्टिक ॲनिमियात बहुतेकदा आपल्याच टी-पेशी बोन मॅरोतल्या मूळ पेशींवर उठतात. एटीजीने त्यांचा जोर मोडला, सायक्लोस्पोरिन त्यांना दाबून ठेवतंय. पण उरलेल्या मूळ पेशी वाढायला वेळ लागणारच. तण काढलं की दुसऱ्या दिवशी कणसं धरतात का? डॉक्टरसुद्धा तीन ते सहा महिन्यांनी निकाल बघतात. तोवर रक्त, प्लेटलेट्स चढवावे लागले म्हणजे औषध फसलं असं नाही. गणितात मी कायम काठावर पास, तरी आमच्या वेळी प्लेटलेट्सचे आकडे झोपेत बडबडायचे!

तुझी नजर तापावर हवी. १००.४ फॅरनहाइट दिसला की थेट हॉस्पिटल, मग रात्रीचे दोन का वाजेनात. 'गोळी देऊन सकाळी बघू' हे आपल्याकडे चालणार नाही. आयबुप्रोफेन तर घरातच ठेवू नकोस, रक्तस्राव वाढतो. एटीजीनंतर आठ-पंधरा दिवसांत पुरळ उठलं, सांधे दुखले तरी कळव. ती औषधाची रिॲक्शन असू शकते, तिच्यावर उपाय आहे.

सायक्लोस्पोरिनची वेळ चुकवायची नाही. लेव्हल तपासायची असेल त्या सकाळी आधी रक्त, मग डोस. म्हणून औषधाची बाटली पर्समध्येच टाक. पपनस घरात नको, त्याने औषधाची लेव्हल वाढते. अंगावर लव वाढू शकते, हिरड्या सुजू शकतात. लव औषध कमी झाल्यावर जाते. हिरड्यांसाठी मऊ ब्रश आण. आणि काउंट वाढले म्हणून स्वतःहून डोस कमी करायचा नाही हं. तो डॉक्टर हळूहळू उतरवतात, वर्ष किंवा जास्तही लागतं.

बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी दादाचं एचएलए जुळलं नाही म्हणून झुरतेस ना? अगं, सख्ख्या भावंडाचं जुळण्याची शक्यताच चारात एक. त्यात ना तुझा दोष, ना त्या पोराचा. आणि हे औषध पुरलं नाही, तरी बाहेरच्या दात्याचा किंवा अर्ध्या जुळणीचा मार्ग असतो.

आता प्लेटलेट्सच्या दात्यांची यादी दिराच्या हाती दे. सगळे फोन तूच कशाला करायचे?