आशाताईंचे कष्ट आणि सम्यक आजीविका

तथागत भगवान बुद्धांनी सांगितलेल्या अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविकेला महत्त्वाचे स्थान आहे. कोणालाही इजा न करता केलेली उपजीविका, असा तिचा अर्थ आपण जाणतो. परंतु दुसऱ्यांचे भले करणारी उपजीविका करणाराचेच पोट भरीत नसेल, तर तिला काय म्हणावे? हा प्रश्न आम्ही समाजबांधवांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

१९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे आरोग्य प्रकल्प सुरू केला. खेड्यातल्याच स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांत निरक्षर होत्या, दलित भगिनीही होत्या. शाळा न शिकलेली बाई गावाचे आरोग्य सांभाळू शकते, हे देशाला दिसले.

पुढे २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात साधारण हजार लोकवस्तीमागे एक 'आशा' नेमण्याचे ठरले. तिला स्वयंसेविका म्हटले गेले, आणि खरी गोम या शब्दातच आहे. स्वयंसेविकेला पगार नाही, कामागणिक मोबदला. २०११ च्या नियमांप्रमाणे दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ४२ दिवसांत सहा वेळा घरी जाऊन तपासायचे, आणि सर्व भेटी पूर्ण झाल्यावर २५० रुपये. कोरोनाच्या काळात याच भगिनी घरोघरी फिरल्या. जून २०२१ व ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील आशांना मानधनवाढीसाठी संप करावा लागला. मधल्या काळात, २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. गौरव झाला, परंतु गौरवाने किराणा भरता येत नाही.

"आज कष्ट करा, उद्या फळ मिळेल," असे त्यांना सांगितले जाते. आपल्या समाजाला हे नवे नाही. आईबापांनी अर्धपोटी राहून मुले शिकविली, म्हणून आपण येथवर आलो. पण आम्ही बँकेत काम करणारी माणसे एक गोष्ट रोज पाहतो. आवर्ती ठेवीत गरीब माणूसही पाच-पाच वर्षे पैसे भरतो, कारण मुदत केव्हा संपणार व हाती किती येणार हे लिहून दिलेले असते. ज्या ठेवीला मुदतच नाही, तिला कोणी ठेव म्हणेल काय?

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेल्या, कोणीही विचारीत नसलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदासह स्वतः स्वच्छ केले व रुग्णसेवेचा धडा संघाला दिला. हा प्रसंग आपण नेहमी सांगतो. त्याच ग्रंथातील पुढचा नियम मात्र फारसा सांगितला जात नाही. आजारी भिक्खू वारला, तर त्याचे पात्र व चीवर शुश्रूषा करणाऱ्यास द्यावे, अशी अनुज्ञा भगवंतांनी दिली. सर्वस्व सोडलेल्यांच्या संघातही सेवा करणाराचा वाटा ठरविला गेला. सेवा आणि तिचा मोबदला यांत धम्म विरोध मानीत नाही.

यावरून आम्हांस तीन गोष्टी सुचतात :

(१) परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या मुलींनी आशाचे काम ही नोकरीची हमखास पायरी समजू नये. ए. एन. एम. साठी १२ वी नंतर दोन वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम करावा लागतो. शक्य असेल तिने थेट तोच मार्ग धरावा.

(२) आशाताईंनी केलेल्या प्रत्येक भेटीची तारखेसह नोंद स्वतःच्या वहीत ठेवावी व खात्यात जमा झालेल्या रकमेशी ती ताडून पाहावी.

(३) घरात शिकलेला मुलगा वा मुलगी असेल, त्यांनी आईला या हिशेबात मदत करावी. संस्थेनेही महिन्यातून एक रविवार त्यासाठी द्यावा.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. स्त्रीच्या कष्टाची किंमत दयेवर सोडू नये, ती कायद्याने ठरावी, हाच त्याचा अर्थ आम्ही घेतो. क्षांती हा सद्गुण आहे. पण दुसऱ्याच्या क्षांतीवर आपला कारभार चालविणे हा सद्गुण नव्हे.

जय भीम! नमो बुद्धाय!