खारीचा बांध

ठाण्याहून कल्याणकडे जाताना पारसिकच्या डोंगरापलीकडे दिवा हे स्थानक लागते. जवळच उल्हास नदीची खाडी आहे. आज दिव्यात घरांची दाटी झाली आहे. परंतु पूर्वी येथील खाडीकाठच्या सखल जमिनीत भात पिकत असे. अशा जमिनीस खार किंवा खाजण म्हणतात. तिचा सारा जीव मातीच्या एका बांधात असतो.

खाडीचे पाणी दिवसातून दोनदा भरतीबरोबर चढते. ते शेतात शिरले, की मातीत मीठ मुरते व रोप करपते. म्हणून शेतकरी खाडीच्या कडेने बांध घालतात आणि त्यात उघाडी ठेवतात. उघाडीचे दार बाहेरच्या बाजूस उघडते. भरतीच्या रेट्याने ते आपोआप मिटते आणि ओहोटी लागली, की आतल्या पावसाच्या पाण्याच्या जोराने उघडते. अशा रीतीने खारे पाणी बाहेर राहते आणि पावसाच्या पाण्याने धुतलेले मीठ वाहून जाते.

हा बांध एकट्याचा नसतो. उधाणाच्या लाटांनी किंवा खेकड्यांच्या बिळांनी तो एके ठिकाणी खचला, तरी सर्वांची शेते बुडतात. एक पीक तर जातेच. शिवाय मीठ धुऊन निघेपर्यंत पुढील पिकांसही धक्का बसतो. घरात दाणा नाही, म्हणून शेतकरी कर्ज काढतो. कर्ज फेडताना बांधाच्या डागडुजीस पैसा उरत नाही. आणि दुबळा बांध पुन्हा फुटतो. कष्टाळू माणूसही दारिद्र्याच्या फेऱ्यात सापडतो, तो असा.

एकट्याच्या आवाक्याबाहेरचे काम सर्वांनी मिळून करावे लागते. हे ओळखून मुंबई राज्याने 1948 साली खारजमिनींविषयी कायदा केला. पुढे महाराष्ट्र राज्याने 1979 साली खारभूमी विकासाचा नवा कायदा केला.

बांधामुळे पीक वाचते. पण ते बाजारात पोहोचण्यास वाट लागते. मुंबई–ठाणे लोहमार्ग 1853 साली सुरू झाला आणि 1854 साली तो कल्याणपर्यंत गेला. परंतु शेतापासून स्थानकापर्यंतची वाट चिखलात रुतली असेल, तर जवळून धावणाऱ्या आगगाडीचा शेतकऱ्यास काय उपयोग?

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. पीक आले, तरी त्यातील न्याय्य वाटा कसणाऱ्यास मिळाला पाहिजे. यासाठी तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातील चरी व आसपासच्या गावांतील खारपट्टीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 ते 1939 या काळात संप केला. इतकी वर्षे त्यांनी खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत.

बांध, उघाडी, वाट आणि न्याय्य वाटा ही चारही असतील, तरच शेतकऱ्याच्या घामाचे दाणे त्याच्या घरी येतात.

स्वाध्याय
1. उघाडीचे दार आतल्या बाजूस उघडणारे असते, तर काय झाले असते?
2. बांध फुटल्याने शेतकरी कर्जबाजारी कसा होतो, ते क्रमाने लिहा.
3. तुमच्या गावात सर्वांनी मिळून सांभाळावयाची कोणती कामे आहेत?